लेखकांच्या पहिल्या कादंबऱ्यांचं कपाट : कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

काम ठरलं. देवघेवीच्या टेबलाशेजारचं काचेचं कपाट रिकामं करायचं आणि त्यात फक्त लेखकांच्या पहिल्या कादंबऱ्या ठेवायच्या. प्रत्येकीबरोबर एक चिठ्ठी: कुणी न्यावी, कुणी नेऊ नये. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, कपाट खुलं करायचं. कार्यकारिणीने १२,००० रुपये मंजूर केले. पुस्तकं, बांधणी, चिठ्ठ्या, सगळं त्यातच. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं वाचनालय आहे, एवढे सुटले हेच पुष्कळ.

हे कशासाठी, तर टेबलापाशी येणारा सभासद तीच पाच-सहा नावं मागतो. नवं नाव पुढे केलं की विचारतो, “हे कोण?” लेखकाचं ते पहिलंच पुस्तक असेल तर त्यावर काय सांगणार? “आधी काय लिहिलंय” या प्रश्नाला उत्तरच नसतं. आणि गंमत अशी, की जे हमखास मागितलं जातं ते ‘मृत्युंजय’ (१९६७) ही शिवाजी सावंतांची पहिलीच कादंबरी. ‘कोसला’ (१९६३) नेमाड्यांची पहिली. म्हणजे लोक पहिलं पुस्तक वाचतात, फक्त ते पहिलं आहे हे त्यांना ठाऊक नसतं.

दुसऱ्या कुठल्या वाचनालयाला असलं काही करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून खर्च आणि फसलेल्या गोष्टी इथे लिहीत जाईन.

९ जानेवारी

दाखल नोंदवही घेऊन बसलो. ८९१.४६३ या वर्गांकावर मराठी कादंबऱ्या सापडतात, पण ती त्या माणसाची पहिली की अकरावी हे नोंदवहीत कुठेच नाही. त्यासाठी रकाना नाही, आणि असावा असं आजवर कुणाला वाटलेलंही नाही.

म्हणून सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर विचारलं. संध्याकाळपर्यंत नावांचा पाऊस. ‘ययाति’, ‘स्वामी’, ‘गारंबीचा बापू’, ‘बारोमास’. चारही चांगल्या, आणि चारही पहिल्या नव्हेत. खांडेकरांची पहिली ‘हृदयाची हाक’ (१९३०), रणजित देसाईंची ‘बारी’ (१९५९), पेंडशांची ‘एल्गार’ (१९४९), सदानंद देशमुखांची ‘तहान’ (१९९८). ‘बलुतं’ तिघांनी सुचवलं, ते आत्मकथन. ‘श्यामची आई’ एकाने, आणि ती कादंबरी कशी आहे यावर त्याने रात्री उशिरापर्यंत वाद घातला. गट दोन दिवस त्यातच.

कामाची पद्धत शेवटी अशी बसली. प्रत्येक पुस्तकातली ‘लेखकाची इतर पुस्तके’ ही यादी पाहायची, पण तिच्यावर विसंबायचं नाही. त्या याद्या कधी प्रकारानुसार असतात, कधी प्रकाशकाच्या सोयीनुसार, आणि साल क्वचितच दिलेलं असतं. पुस्तकाच्या सुरुवातीला आवृत्त्यांचं पान असतं त्यावर पहिल्या आवृत्तीचं साल बघायचं. तिथेही एक फसगत आहे: पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं की काही जण नव्याने ‘पहिली आवृत्ती’ छापतात. त्यामुळे साल संशयास्पद वाटलं की प्रस्तावनेखालची तारीख बघावी, ती सहसा खरं बोलते.

१२ जानेवारी

नियम केला. पुस्तकरूपाने आलेली लेखकाची पहिली कादंबरी. आधी कथा, कविता, लेख काहीही असले तरी चालेल. म्हणून विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) बसली, कारण त्याआधीचं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह. पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ (१९६२) बसली. रेगे तेव्हा बावन्न वर्षांचे, कवी म्हणून नावाजलेले. पहिली कादंबरी म्हणजे कोवळं पोर, हा समज त्यामुळे आपोआप निकालात निघतो.

अडलं ते गौरी देशपांड्यांच्या ‘एकेक पान गळावया’शी (१९८०). आत तीन दीर्घ मजकूर, त्यांना कुणी लघुकादंबऱ्या म्हणतं, कुणी दीर्घकथा. देवघेवीवरच्या ताई म्हणाल्या, “ठेवा हो. नियम आपणच केलाय ना?” ठेवली.

आप्पांचा (कार्यकारिणीतले ज्येष्ठ) आक्षेप वेगळा होता. “‘स्वामी’ सोडून ‘बारी’ कोण नेणार? लोकांना जे उत्तम ते द्यावं.” मुद्दा बिनबुडाचा नाही. पहिली म्हणून सगळ्याच डोक्यावर घ्यायच्या नाहीत, हे मलाही पटलं. ना. सी. फडक्यांची ‘अल्ला हो अकबर’ (१९१७), हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ (१८८५), वर आलेली ‘हृदयाची हाक’: अभ्यासकाने जरूर पाहाव्यात, पण संध्याकाळी पिशवीत घालून घरी न्यायला मी कुणाला सुचवणार नाही. ‘एल्गार’ही बाजूलाच, पेंडशांच्या घरात शिरायचं दार ते नव्हे. ‘बारी’ मात्र राहिली. बेरडांचं जंगल आणि त्यांची वाटमारी, पुढे ते जंगलच हातातून सुटत जाणं. आमच्या भागापासून ते मुलूख फार दूर नाहीत. ‘स्वामी’तल्या पेशव्यांच्या दरबारापेक्षा इथे देसाई जास्त जमिनीवर आहेत, असं माझं मत. आप्पांचं नाही.

१८ जानेवारी

खरेदी. नवी पुस्तकं जिल्ह्याच्या गावातल्या विक्रेत्याकडून, वीस टक्के सवलतीने: ५,४०० रुपये. जी छापून येत नाहीत ती पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधून: १,१५० रुपये, प्रवास खिशातून.

जुन्या बाजारात एक सांभाळावं. विक्रेत्याला ‘पहिली कादंबरी’ म्हटलं की तो ‘पहिली आवृत्ती’ ऐकतो आणि भाव चढवतो. आपल्याला वाचायची प्रत हवी असते, संग्राह्य नको. मागताना नुसतं नाव सांगावं, का हवी ते सांगू नये.

नव्या पुस्तकांची निवड कशी केली तेही लिहून ठेवतो, कारण खरी पंचाईत तिथेच आहे. जुन्या पुस्तकांना काळाने चाळून दिलंय, नव्यांना कुणी चाळायचं? दोन याद्या हाताशी धरल्या. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग असतो. त्यातला कादंबरीचा पुरस्कार श्री. ना. पेंडसे यांच्या नावाने आहे. आणि साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार, २०११ पासूनचा. त्यातून अवधूत डोंगरे यांची ‘स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट’ (पुरस्कार २०१४), नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ (२०१८), देविदास सौदागर यांची ‘उसवण’ (२०२४) मिळाल्या.

पण युवा पुरस्काराला पस्तीस वर्षांची अट आहे, आणि मराठीत पहिली कादंबरी पुष्कळदा नोकरी, लग्न, बदल्या उरकून चाळिशीच्या आसपास येते. कविता महाजनांची ‘ब्र’ (२००५) आली तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. अशी पुस्तकं त्या यादीत सापडणारच नाहीत. शिवाय तो पुरस्कार काही वर्षी कवितेला जातो, काही वर्षी कथेला. नुसत्या त्या यादीवर कपाट भरत नाही.

तिसरी वाट उलटी. ज्यांना अकादमीचा मुख्य पुरस्कार मिळाला त्यांचं सुरुवातीचं पुस्तक धुंडाळायचं. ‘रिंगाण’ची मागणी सतत असते, तर कृष्णात खोतांची पहिली ‘गावठाण’ (२००५) आणली. ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ मागणाऱ्यांसाठी प्रवीण बांदेकरांची ‘चाळेगत’ (२००९). ‘तणकट’वाल्यांसाठी राजन गवसांची ‘चौंडकं’ (१९८५). ही वाट सगळ्यांत खात्रीची निघाली, कारण सभासदाला लेखकाचं नाव आधीच ओळखीचं असतं.

२ फेब्रुवारी

बांधणी. आमच्याकडचे ‘चक्र’, ‘गोतावळा’, ‘रात्र काळी, घागर काळी’ खिळखिळे झाले होते. बाइंडरकाकांकडे दिले. त्यांनी वाचनालयाच्या रिवाजाप्रमाणे मुखपृष्ठ काढून टाकलं, वर खाकी पुठ्ठा, पाठीवर पांढऱ्या शाईत नाव. आवृत्तीचं पान फाटलेलं होतं म्हणून तेही गेलं. तिन्ही बाजूंनी कातरलं, वर ‘चक्र’ची ओळ शिलाईत गेली, पान दोन्ही हातांनी ताणून धरल्याशिवाय डावीकडचं अक्षर दिसत नाही. ६३० रुपये.

काकांचा दोष नाही. वर्षानुवर्षं आम्हीच त्यांना टिकाऊ करा म्हणून सांगत आलो, देखणं करा असं कधी म्हटलं नाही. पण अनोळखी लेखकाच्या पहिल्या पुस्तकाकडे मुखपृष्ठच हात ओढतं. खाकी पुठ्ठ्यातली ‘रात्र काळी, घागर काळी’ वकिलाच्या फायलीसारखी दिसते.

उपाय: उरलेल्या पुस्तकांची मुखपृष्ठं आधी अलगद सोडवून घेतली, झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रत काढली आणि बांधणीनंतर पुठ्ठ्यावर डकवली. दर पुस्तकामागे २० रुपये जास्त. कातरणी दोनच बाजूंनी, आणि शिलाईकडे किमान बोटभर कोरी जागा नसेल तर बांधणी नाहीच, नुसता डिंक आणि दोरा. हे काकांना लिहून दिलं. तोंडी सांगितलेलं बांधणीत टिकत नाही.

२० फेब्रुवारी

चिठ्ठ्या तयार. पोस्टकार्डाच्या आकाराच्या, छापून लॅमिनेट केल्या, ७२० रुपये. प्रत्येकीवर लेखकाचा परिचय, पुरस्कार, विषय दोन ओळींत, आणि खाली ‘अवश्य वाचा’.

२७ फेब्रुवारी

कपाट खुलं झालं. पाहुण्यांचं भाषण लांबलं, पण पुस्तकं गेली. पहिल्याच दिवशी दोन घोळ. वर ‘पहिली कादंबरी’ अशी पाटी होती. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ‘यमुनापर्यटन’ मागितली, कारण मराठीतली पहिली कादंबरी ती, १८५७ची, बाबा पदमनजींची. आणि एक आई दहावीच्या मुलाला घेऊन आली: “याने अजून एकही कादंबरी वाचलेली नाही, तर पहिली कुठली देऊ?” तिने उचललं होतं किरण नगरकरांचं ‘सात सक्कं त्रेचाळीस’, ज्यात काळही सरळ जात नाही! ते काढून घेतलं आणि ‘मृत्युंजय’ दिलं. जाड आहे, पण कर्ण, कुंती, दुर्योधन असे एकेक जण बोलत जातात, वाट चुकत नाही. पाटी बदलली: ‘लेखकाची पहिली कादंबरी’. १५० रुपये.

१६ मार्च

पंधरा दिवसांची मुदत संपून पहिली फेरी परत आली. ताईंनी प्रत्येकाला विचारलं, “कशी वाटली?” सगळ्यांचं उत्तर एकच, “छान आहे.” ‘सात सक्कं’ छान, विलास सारंगांची ‘एन्कीच्या राज्यात’ छान, ‘कोसला’ छान. आणि पुढचं पुस्तक म्हणून सगळ्यांनी नेलं ते कपाटाबाहेरचं.

संशय ताईंनाच आला. परत आलेली पुस्तकं झटकताना आतून एसटीची तिकिटं, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, लग्नपत्रिकेचा तुकडा पडला. त्यांनी तुकडा पडायच्या आधी पान बघायला सुरुवात केली. ‘सात सक्कं’मध्ये तिकीट पान २२ वर. ‘कोसला’त रोजनिशी सुरू होते तिथेच दुमडलेला कोपरा. ‘एन्कीच्या राज्यात’ पन्नाशीच्याही अलीकडे. त्या पानांपुढचा कागद इतका ताठ, की कुणी उलटलेला वाटत नाही.

आता प्रश्न बदलला. “कशी वाटली” बंद. पुस्तक हातात घेताना ताई विचारतात, “कुठपर्यंत आलात?” या प्रश्नाला लोक खरं सांगतात, कारण त्यात लेखकाचा अपमान होत नाही आणि आपलीही परीक्षा होत नाही. एकजण तर खुशीने म्हणाले, “त्या कुशंकच्या दुसऱ्या बाईपर्यंत. आधीची कुठे गेली तेच कळेना.” कुशंक म्हणजे ‘सात सक्कं’चा नायक. नगरकरांनी काळ मोडून, वरखाली करून सांगितलाय, हे चिठ्ठीवर आम्ही लिहिलंच नव्हतं. लिहिलं होतं ते त्यांना पुढे अकादमी पुरस्कार मिळाल्याचं, आणि तोही इंग्रजी कादंबरीसाठी!

देवघेवीच्या वहीत आता एक रकाना वाढवला: ‘थांबले ते पान’. सगळ्या कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट ही. ज्याला हे कपाट करायचंय त्याने बाकी काही नाही तरी हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवावा.

२३ मार्च

लॅमिनेट केलेल्या चिठ्ठ्या टाकून दिल्या. त्यांवर खाडाखोड करता येत नाही, आणि अर्ध्याअधिक चिठ्ठ्या पुस्तकाबरोबर घरी जाऊन खूण म्हणून वापरल्या गेल्या, परत आल्याच नाहीत. आता जाड कार्डावर पेनाने लिहितो. एक फळीच्या पट्टीला टाचणीने, आणि तोच मजकूर तारखेच्या चिठ्ठीसमोरच्या पानावर चिकटवलेला. कार्डांचा गठ्ठा ९० रुपये.

मजकूर नव्याने. पुरस्कार उडवले, परिचय एका ओळीत. कुठे अडाल आणि का अडाल ते आधी, मग पुढे काय आहे. काही उतरवून ठेवतो, हवे त्यांनी घ्यावेत.

‘कोसला’, भालचंद्र नेमाडे, १९६३. खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला येतो आणि हात हलवत परत जातो. सुरुवात हसवते. मध्येच रोजनिशी लागते, बरेचजण तिथे थांबतात. ती भराभर वाचली तरी चालेल. बहिणीचा, मनीचा भाग मात्र चुकवू नका. मुलगा काही करत का नाही, याचा राग येणाऱ्या पालकांनी नेऊ नये.

‘सावित्री’, पु. शि. रेगे, १९६२. एकोणचाळीस पत्रं, सगळी एकाच बाजूची. उत्तरं दिसत नाहीत. पातळ आहे म्हणून प्रवासात नेऊ नका. ‘मग काय झालं’ असं विचारत वाचणाऱ्यांना रुखरुख लागेल.

‘सात सक्कं त्रेचाळीस’, किरण नगरकर, १९७४. काळ सरळ जात नाही, नावं मध्येच बदलतात. पहिली तीस पानं कोण कोणाचं हे लक्षात ठेवायचा प्रयत्न सोडून द्या. मग जमतं. मुंबईत एकट्याने राहिलेल्यांनी आधी न्यावी.

‘गोतावळा’, आनंद यादव, १९७१. मळ्यावरचा गडी बोलतोय. ट्रॅक्टर येतो आणि जनावरं एकेक करून जातात, एवढीच गोष्ट. कागलकडची बोली डोळ्यांना अडते, कानाला नाही. पहिलं प्रकरण मोठ्याने वाचा.

‘ब्र’, कविता महाजन, २००५. संस्थेत काम करणारी प्रफुल्ला आदिवासी भागातल्या बायका-सरपंचांना भेटत फिरते. माणसं पुष्कळ, नावं पुष्कळ. बचत गट, ग्रामपंचायत, अंगणवाडी यांपैकी कशाशीही संबंध असलेल्या बाईने हातातलं टाकून ही न्यावी. (ही नेणाऱ्यांपैकी अजून एकही अर्ध्यावर थांबलेली नाही.)

‘निशाणी डावा अंगठा’, रमेश इंगळे उत्रादकर, २००५. साक्षरता मोहीम कागदोपत्री यशस्वी कशी होते, ते शिक्षकांच्या तोंडून. शिक्षकांनी शाळेत वाचू नये, हसू आवरत नाही.

‘उसवण’, देविदास सौदागर. रेडिमेड कपड्यांनी गावच्या शिंप्याचं दुकान कसं रिकामं केलं. लेखकाने स्वतः शिलाईकाम केलंय, आणि ते पानोपानी कळतं. छोटी आहे. गती धीमी, कारण गिऱ्हाइकाची वाट बघणं हाच विषय.

४ एप्रिल

‘फेसाटी’चं काही केल्या जमत नव्हतं. आमच्याच जिल्ह्यातला, जतकडचा लेखक. दुष्काळी भाग, मेंढरं, उसनवारी, आणि त्यातून शिकू बघणारा पोरगा. मला वाटलं होतं ही सगळ्यांत आधी जाईल. जत बाजूचाच एक सभासद, ऊसतोडीच्या टोळीत जाऊन आलेला, पान ६० वरून परत घेऊन आला. ताईंनी विचारलं, “का हो दादा, भाषा अवघड गेली?” म्हणाला, “भाषा घरचीच हाय. पण ताई, हे सगळं बघूनच कंटाळलोय. रात्रीचं परत तेच वाचू?” आणि ‘मृत्युंजय’ घेऊन गेला.

यावर मी बरेच दिवस विचार केला. ‘आपल्या मातीतलं’ म्हणून पुस्तक पुढे करायची आपल्याला सवय असते. पुरस्कार देणाऱ्यांनाही असते. ज्याच्या अंगावर ते आयुष्य आहे त्याला राजे-रथ हवे असतात, आणि त्यात वाईट काही नाही. ‘फेसाटी’ आता बँकेतले, तहसीलमधले, बदलून आलेले लोक नेतात आणि संपवतात. त्यांना तालुका त्यातून कळतो. चिठ्ठी बदलली: ‘या भागात नोकरीला आलेल्यांसाठी.’

पण त्या ऊसतोडीवाल्या दादांचा छोटा भाऊ कॉलेजात आहे. त्याने ती नेली, आणि मुदत वाढवून घेतली.

११ एप्रिल

‘कोबाल्ट ब्लू’वर कार्यकारिणीत चर्चा. सचिन कुंडलकरांची ही पहिली, २००६ची. घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच मुलावर भाऊ आणि बहीण दोघांचा जीव जडतो. अर्धी गोष्ट भावाची, अर्धी बहिणीची. नेटफ्लिक्सवर चित्रपट आल्यापासून पोरांना नाव माहीत आहे. एका सदस्याचं म्हणणं, आतल्या कपाटात ठेवा, मागेल त्याला द्या. ताई एवढंच बोलल्या, “हे पुस्तक जो मागायला येऊ शकत नाही, त्याच्यासाठीच बाहेर हवं.” विषय संपला, पुस्तक बाहेर राहिलं. ती नोंदवून फारशी जात नाही. दुपारी कपाटाशेजारच्या खुर्चीत बसून वाचली जाते. ‘थांबले ते पान’ या रकान्यात तिची नोंद शून्य आहे, तरी पाठ मोडत आलीय.

२० एप्रिल

आता ज्याची भीती होती ते. जवळच्या गावचे एक निवृत्त गुरुजी पिशवीतून पाच प्रती घेऊन आले. स्वतःची पहिली कादंबरी, स्वतःच्या पैशाने छापलेली. “तुमचं कपाट पेपरात वाचलं. यात माझी बसते ना?”

नियमाने बसत होती. या प्रकारासाठी एक पद्धत ठरवायलाच हवी होती, कारण भेट म्हणून येणारी पहिली पुस्तकं वर्षाला ढीगभर असतात, आणि एकाला हो म्हटलं की सगळ्यांना म्हणावं लागतं. ठरवलं ते असं: भेट आलेली प्रत दोन वेगळ्या वयाच्या सभासदांनी वाचायची, त्यांतला एक लेखकाच्या ओळखीचा नसावा. प्रस्तावना आणि मलपृष्ठ आधी वाचायचं नाही. ज्येष्ठ साहित्यिकांनी लिहिलेल्या आशीर्वादाचा मजकुराशी संबंध असतोच असं नाही. दोघांनी आपापलं थांबलेलं पान सांगायचं. दोघेही चाळिसाव्या पानाच्या आत थांबले तर पुस्तक सर्वसाधारण विभागात, कपाटात नाही.

गुरुजींच्या पुस्तकात पहिली चाळीस पानं गावाचं वर्णन होतं. नदी, देऊळ, पार, पिंपळ, पहाट. दोन्ही वाचक तिथे रेंगाळले, पण सोडलं नाही, आणि पुढे बैलबाजाराचं प्रकरण लागलं तसे दोघंही शेवटपर्यंत गेले. बैलाचे दात बघून वय सांगणारा दलाल, उपरण्याखाली बोटं दाबून ठरणारा भाव. त्यातलं एक अक्षर ऐकीव नाही. कॉलेजच्या मुलीने चिठ्ठी लिहिली: ‘पहिली चाळीस पानं वगळा. बाजारापासून सुरू करा.’

मी चिठ्ठी गुरुजींना आधी दाखवायला निघालो होतो, ताईंनी अडवलं. ते पुढच्या आठवड्यात आले, कपाटापुढे उभं राहून चष्मा पुसून चिठ्ठी वाचली. खिशातलं पेन काढलं. मी म्हटलं आता खोडणार. त्यांनी ‘चाळीस’ खोडून ‘छत्तीस’ केलं. “सदतिसाव्या पानावर दलाल येतो,” म्हणाले.

४ मे

हिशेब. नवी पुस्तकं ५,४००, जुनी १,१५०, बांधणी आणि मुखपृष्ठांच्या प्रती ९५०, लॅमिनेट चिठ्ठ्या (वाया) ७२०, पाटी १५०, कार्डं ९०, उद्घाटनाचा हार-नारळ-चहा ८६०. एकूण ९,३२०. शिल्लक २,६८०. लॅमिनेशन आणि चहाऐवजी पाच-सहा पुस्तकं आली असती.

शिल्लकेतून काय घ्यायचं त्याची यादी रकान्यावरून केली. ‘ब्र’ची दुसरी प्रत, कारण पाळी लागते. मेघना पेठेंची ‘नातिचरामि’ (२००५), कारण ‘एकेक पान गळावया’ संपवलेल्या तिघींनी “असंच आणखी” मागितलं आणि त्याला उत्तर नव्हतं. ‘चौंडकं’ची दुसरी प्रत नको, लोक संपवतात, पण लगेच दुसरं काही हलकं मागतात, तेव्हा ती ‘निशाणी’च्या शेजारी ठेवायची. ‘एन्कीच्या राज्यात’ अजून कुणी ओलांडलेली नाही. विलास सारंग माझे आवडते, म्हणून ती काढणार नाही, पण चिठ्ठी तिसऱ्यांदा लिहितोय. आखाती देशात नोकरी करून आलेले दोन सभासद आहेत, यावेळी त्यांच्यापैकी एकाला लिहायला सांगितलंय. गोष्ट बसऱ्यात घडते, त्याला तिथला उकाडा माझ्यापेक्षा चांगला सांगता येईल.

आप्पांनी काल ‘बारी’ नेली. मुदत १८ मे.